भरल्या गाडीचे माप

संपादकांनी दिवाळी अंकासाठी गॅरेजमधल्या गमतीजमती लिहून मागितल्या. गमतीजमती माझ्याकडे नाहीत. त्या वासूकडे असतात. संपादक आधी त्याच्याकडेच गेले होते, हे मला मागाहून कळले. ‘मला लिहायला सांगू नका, गजाला सांगा, त्याचं अक्षर चांगलं आहे,’ असे म्हणून त्याने त्यांना माझ्याकडे धाडले. म्हणजे हे कामही मला त्याच्याकडूनच आले.

वासुदेव आणि मी एकाच वर्षी, एकाच माणसाच्या हाताखाली काम शिकलो. हसनचाचांचे गॅरेज रत्नागिरीत बंदराच्या रस्त्याला होते. माझ्याजवळ तंत्रशाळेचे प्रमाणपत्र होते, वासू सातवीतून सुटलेला. पुढे मी शहरात नाचणे गावाच्या बाजूला गॅरेज काढले आणि त्याने भाट्याच्या पुलापलीकडे पावसच्या रस्त्यावर एक पत्र्याची शेड टाकली. माझ्याकडे उत्पादकांच्या छापील सूच्या होत्या, प्रत्येक पाना आपापल्या खिळ्याला टांगलेला असे आणि गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या होत्या, त्या रोज पुसल्या जात. त्याच्याकडे जांभ्याच्या दोन चिऱ्यांवर टाकलेली एक फळी होती. माझ्या खुर्च्या बहुतेक रिकाम्या असत. त्याच्या फळीवर बसायला जागा मिळत नसे, आणि तिथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या दारात गाडीसुद्धा नव्हती. माझ्या पत्नीने एकदा स्वतःची स्कूटर ब्रेकसाठी त्याच्याकडे नेली. विचारल्यावर म्हणाली, “वाटेत पडतं.” तिच्या कोणत्या वाटेत भाट्याचा पूल पडत होता, ते मी विचारले नाही.

चाळीस वर्षांत सगळे मला ‘गजाननराव’ म्हणत आले. त्याला लहान पोरेसुद्धा ‘वासूभाऊ’ म्हणत. मला ‘गजा’ म्हणणारा माणूस एकच उरला आहे, आणि तो तोच आहे.

मी मुख्यतः मालवाहू गाड्यांचे, त्यातही खालच्या अंगाचे काम करीत असे: पाटे, शॉकअप, बूश, स्टिअरिंगचे सांधे. ज्यांच्या हाताखालून गाडी कधी गेलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पुष्कळांची समजूत असते की गाडीचे वजन शॉकअप उचलतो. वजन पाटे उचलतात, म्हणजे चाकाच्या आसावर एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्या. चाक खड्ड्यात गेले की पाटे दबतात आणि मग उसळतात. एकदा उसळून थांबत नाहीत, हलतच राहतात. ते हलणे थांबवणे एवढेच शॉकअपचे काम. कचेऱ्यांच्या दारांना वरच्या बाजूस एक नळी लावलेली असते, तिच्यामुळे दार धाडकन न आपटता हळू मिटते. शॉकअप ही तीच नळी. आत तेल असते, तेलात दट्ट्या असतो, दट्ट्याला बारीक भोके असतात. तेल त्या भोकांतून सावकाश जाते, म्हणून गाडी सावकाश बसते. तेल गळून गेले की नळी पोकळ होते आणि गाडी होडीसारखी डोलू लागते.

नवा शॉकअप निवडणे हे वरकरणी सोपे काम आहे. गाडीचे मॉडेल पाहायचे, सूचीत नंबर पाहायचा, दुकानातून तो मागवायचा. नव्या गाडीला एवढे पुरते. दहा-पंधरा वर्षे वापरलेली पिकअप मात्र सूचीतली गाडी राहिलेली नसते. मधल्या काळात चार मालकांनी, सहा ड्रायव्हरांनी आणि कोण जाणे किती मिस्त्र्यांनी तिच्यात आपापली अक्कल घातलेली असते.

शिवाय गिऱ्हाइकांच्या स्वतःच्या कल्पना असतात. चिरेखाणीवरचा एक मालक दरवर्षी येई आणि म्हणे, “मिस्त्री, कडक द्या.” मी विचारी, “कडक म्हणजे कसे?” तो म्हणे, “चहा असतो तसे.” कडक शॉकअप म्हणजे भारी शॉकअप अशी या जिल्ह्यात पक्की समजूत आहे. रिकाम्या गाडीत कडक शॉकअपवर बसून हातखंब्यापर्यंत जाऊन आलेल्या माणसाची कंबर काय म्हणते, ते कोणी विचारीत नाही.

मिरकरवाड्यातले एक मामा मासळीची गाडी घेऊन आले होते. मासळीचे खारट पाणी गाडीच्या मागच्या हौदातून खाली गळते आणि शॉकअपचे खालचे बोल्ट खाऊन टाकते. त्यांचा उजवा शॉकअप गेला होता. मी जोडी बदलण्यास सांगितले. मामा म्हणाले, “डावा बरा आहे ना? मग त्याला कशाला त्रास?” एक नवा आणि एक जुना असला तर गाडी वळणावर एकीकडे कशी ओढते, हे मी त्यांना कागदावर आकृती काढून समजावले. त्यांनी आकृती लक्षपूर्वक पाहिली, घडी करून खिशात घातली आणि निघून गेले. आठवड्याने तीच गाडी मला बाजारात दिसली. दोन्ही शॉकअप नवे होते. मामा खुशीत होते. “वासूभाऊ म्हणाला, मामा, एका पायात नवी चप्पल नि दुसऱ्या पायात जुनी घालून लग्नाला जाशील काय? मग म्हटलं, घाल बाबा दोन्ही.” माझी आकृती त्यांनी वासूला दाखवली होती. त्याला ती आवडली, असेही मामांनी आवर्जून सांगितले.

अशा गोष्टी मी विसरत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, ती सांगतो. ती मी आजवर फक्त एका व्यक्तीला सांगितली आहे आणि त्या सांगण्याचा काही उपयोग झाला नाही.

पावसला नलिनीबाई म्हणून एक निवृत्त शिक्षिका राहतात. वडिलांची हापूसची बाग आहे. दोन भाऊ मुंबईला. भावांचे म्हणणे असे की बाग कराराने देऊन टाकावी. करारदाराने फवारणी करावी, आंबा काढावा, आपल्याला डोकेदुखी नको. बाईंनी ती स्वतः करायला मागितली. भाऊ म्हणाले, बघ करून, पण आंबा नीट विकला गेला नाही तर करार करायचा. बाईंनी पुण्यातल्या एका वसाहतीतली घरे गाठली. दलाल नाही, बाजार नाही. झाडावरून पेटीत आणि पेटीतून थेट घरात. दोन हंगाम चांगले गेले. आंबा त्यांच्याच पिकअपमधून जाई. गाडी पंधरा वर्षांची होती आणि ती चालवणारा सुभाष लांज्याकडचा, शांत स्वभावाचा माणूस होता.

तिसऱ्या हंगामाच्या आधी बाई गाडी घेऊन माझ्याकडे आल्या. मागचे दोन्ही शॉकअप गळत होते.

“गजाननराव, आता आंबा जायचा आहे. तुम्हाला योग्य वाटतील ते घाला.”

मी गाडीखाली गेलो. मागच्या पाट्यांच्या जुडीत दोन पाटे जास्तीचे होते. सुभाषने सांगितले, “यंदा दसऱ्यापासून गाडी चिऱ्यावर होती. खाणीवरच टाकून घेतले वो, मिस्त्री. त्याशिवाय चिरा उचलत नाय.”

आपल्याकडे हे सर्रास चालते. आंब्याचे दोन-अडीच महिने सोडले तर पिकअप उभी राहते, म्हणून पावसाळा संपला की ती चिरेखाणीवर भाड्याने लावतात. चिरा वजनाला फार, म्हणून जादा पाटे घालतात. मग फाल्गुनात तीच गाडी आंब्याला जुंपतात आणि ते पाटे काढायचे कोणाच्या लक्षात येत नाही. एकच गाडी वर्षाचे सहा महिने दगड वाहते आणि नंतर या जिल्ह्यातली सगळ्यांत नाजूक वस्तू वाहते.

मी विचार केला तो असा: पाटे जास्त आहेत, म्हणजे उसळीही जास्त येणार, तेव्हा ती रोखणारा शॉकअपही जोरकस हवा. सूची उघडली. त्या मॉडेलसाठी साधा नंबर होता आणि जड कामाचाही होता. मी जड कामाचा मागवला. चांगल्या प्रतीचे शॉकअप होते. बसवून झाल्यावर हौदाचा कोपरा दाबून पाहिला, हलला नाही. मला समाधान वाटले.

पहिली खेप गेली. तळाच्या पेट्यांतला आंबा मार लागलेला निघाला. अशा आंब्याला वरून काही दिसत नाही. पिकल्यावर एका बाजूस काळा डाग धरतो आणि आत पाणी होते. पुण्याहून फोनवर फोन आले.

बाई गाडी घेऊन आल्या. मी सुभाषला विचारले, “किती वेगाने नेलीस?”

“खराब रस्त्याला वीसच्या वर नाय गेलो. आईशप्पत. पन मागून डबा वाजल्यागत वाजतेय. घाटात तर पेट्या उड्या मारत होत्या.”

“पेट्या उड्या मारत नाहीत. नीट बांधल्या नसशील.”

मी चाकांतली हवा कमी केली आणि पेट्यांखाली गवताचा आणखी एक थर द्यायला सांगितले. दुसरी खेप गेली. पुन्हा तेच. पुण्याच्या लोकांनी बाईंना कळवले: बाई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण पुढच्या खेपेला असे झाले तर आम्ही दुसरीकडून घेऊ. मुंबईच्या भावांनाही ते कळले होते. बाईंनी मला हे सगळे उभ्याउभ्याच सांगितले. खुर्चीवर बसल्या नाहीत.

मग त्या जरा थांबून म्हणाल्या, “गजाननराव, राग मानू नका. एकदा वासूला दाखवू का?”

मी म्हणालो, “अवश्य दाखवा. मग गाडी पुन्हा इथे आणू नका.”

चाळीस वर्षे शाळेत मुलांना गप्प करणाऱ्या त्या बाई गप्प झाल्या. “बरं,” एवढेच म्हणाल्या. गाडी त्यांनी वासूकडे नेली नाही. माझा शब्द त्यांनी मोडला नाही, याचा मला त्या दिवशी आनंद झाला होता, हेही लिहून ठेवतो.

तिसरी खेप निघायची त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास सुभाष भरलेली गाडी घेऊन माझ्या दारात उभा राहिला. पुण्याला निघायची वेळ चारची होती.

“काय झाले?”

“मिस्त्री, रागवू नका. भाट्याला च्या प्यायला थांबलो होतो. वासूभाऊनं गाडी बघितली.”

“त्याला कोणी सांगितले?”

“कोनी नाय. मी उभा होतो, तो उठला नि हौद्यात चढून बसला. पेटीवर हात ठेवला नि बोल्ला, चल पुलापर्यंत. पुलापर्यंत गेलो, परत आलो. उतरला नि खाली गेला. मंग हे दिलंन.”

त्याने खिशातून सुतळीचा एक तुकडा काढला. त्याला दोन गाठी मारल्या होत्या.

“पयली गाठ ते दुसरी गाठ, तेवढं अंतर आहे बोल्ला. वरच्या बोल्टापासून खालच्या बोल्टापर्यंत. पेट्या भरलेल्या असताना मोजलंय. बोल्ला, गजाला दे, त्याला समजंल. दोन पाटे काढून साधे शॉकअप घालायला सांग, बोल्ला.”

“मग त्यानेच का घातले नाहीत?”

“मी बी तेच बोल्लो. तर बोल्ला, गाडी गजाच्या हाताखालची आहे, मी पाना लावनार नाय.”

हे हसनचाचांचे शिकवणे. दुसऱ्याच्या हाताखालची गाडी मालकाने स्वतः येऊन सांगितल्याशिवाय उघडायची नाही. पाहायला हरकत नाही, बोलायला हरकत नाही, पाना लावायचा नाही. आम्ही दोघेही हे पाळत आलो.

मी सुतळी घेतली. माझ्याकडे त्याच नंबरचा एक शॉकअप फळीवर होता. तो पूर्ण ओढून लांब केला आणि सुतळी त्याच्या शेजारी धरली.

इथे पुन्हा थोडे समजावून सांगणे भाग आहे. गाडी माल भरून उभी असते तेव्हा शॉकअप साधारण मध्यावर असावा लागतो. चाक वर उचलले गेले तर त्याला मिटायला जागा हवी आणि चाक खड्ड्यात उतरले तर उघडायला जागा हवी. सुतळीची दुसरी गाठ पूर्ण उघडलेल्या शॉकअपच्या जवळजवळ टोकाशी आली. जादा पाट्यांनी गाडीचा मागचा भाग वर उचलून धरला होता. चिऱ्याच्या वजनाने तो खाली बसला असता. आंब्याचे वजन त्या मानाने काहीच नव्हते. शॉकअप आधीच ताणलेला, त्यात खड्डा आला की तो शेवटच्या टोकाला जाऊन हिसका देणार, आणि पाटे दगडासाठी केलेले, ते तो हिसका तसाच पेट्यांना देणार. वर मी घातलेला शॉकअप कडक, म्हणजे जे थोडे मऊ राहिले असते तेही गेले.

मी गाडी कोणती ते पाहिले होते. वासूने ती काय वाहते ते पाहिले.

हे सगळे मला कळायला बोटावर मोजावेत इतके क्षण लागले. काम दोन-अडीच तासांचे होते. पेट्या उतरवायच्या, जुडी सोडून दोन पाटे काढायचे, साध्या नंबरचे शॉकअप बसवायचे. ते फळीवर होते. चारला गाडी निघाली असती.

सुभाष माझ्या तोंडाकडे पाहत होता. “बरोबर हाय काय वो, मिस्त्री?”

मला वासूचे ते हौदात चढून, डोळे मिटून, पेटीवर हात ठेवून पुलापर्यंत जाणे दिसत होते. मी कधी कोणाच्या हौदात चढून बसलो नव्हतो. तसे करायचे असते हे मला कोणी शिकवले नव्हते, आणि त्यालाही शिकवले नव्हते. हसनचाचांनी आम्हा दोघांना एकच शिकवले होते. मग हे त्याला कुठून आले?

मी सुतळी चिंध्यांच्या डब्यात टाकली.

“त्याने पाना लावला नाही ना? मग आता मीही लावणार नाही. शॉकअप योग्य आहेत. गाडी घेऊन जा.”

“पन मिस्त्री, बाई—”

“बाईंना मी सांगितले आहे. वेग सांभाळ.”

सुभाष गेला. बाईंना त्याने तेव्हा काही सांगितले नाही. मिस्त्रीच्या शब्दापुढे ड्रायव्हरने बोलायचे नसते, एवढी शिस्त त्याला होती. मी दुपारी जेवायला घरी गेलो. जेवलो. चार वाजले तेव्हा मी एका टेम्पोचा बूश ठोकत होतो. घड्याळाकडे पाहिले आणि पुन्हा ठोकू लागलो.

आठवड्याने बाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता. “गजाननराव, याही वेळी तसंच झालं. पुढच्या पेट्या नको म्हणाले ते. तुम्हाला कळवावं म्हणून फोन केला.” मी हातातला पाना खिळ्याला टांगला. “तुम्ही तरी काय करणार,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

उरलेला आंबा त्यांनी मिळेल त्या दलालाला दिला. मे महिन्यात भाऊ आले आणि बाग पाच वर्षांच्या कराराने गेली. करारदाराची माणसे, करारदाराचे ट्रक. आपल्याच बागेतला आंबा बाई आता करारदाराच्या माणसाला विचारून तोडतात, असे मला सुभाषने सांगितले. तो स्वतः त्याच सुमारास दुसऱ्याकडे कामाला लागला.

पावसाळ्याच्या आधी ती पिकअप सर्व्हिसिंगला आली. मी कोणी न सांगता दोन्ही पाटे काढले आणि साधे शॉकअप घातले. हौदात नारळाची पोती होती. नव्या ड्रायव्हरला चालवायला सांगून मी मागे चढलो. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी प्रथमच. पोत्यावर हात ठेवून बसलो. डोळे मिटायला संकोच वाटला, म्हणून उघडे ठेवले. साळवी स्टॉपच्या पुढचे सगळे खड्डे गाडीने गिळले. हाताखालचे पोते जागचे हलले नाही.

नारळाला त्याची काही गरज नव्हती.

यानंतर मी वासूचा जास्तच द्वेष करू लागलो. ज्याचे आपण वाईट केले त्याचाच आपल्याला पुढे द्वेष वाटू लागतो, असे म्हणतात. वासूचे मी वाईट केले नव्हते. बाईंचे केले होते. पण बाई समोर आल्या तर मला खाली पाहावेसे वाटे, आणि वासू समोर आला तर त्याच्या शेडचा पत्रा उडून जावा असे वाटे. बाजारात भेटला की तो ओरडे, “काय गजा, अजून जिवंत?” आणि बरोबरचे सगळे हसत. त्या सुतळीबद्दल तो कधी बोलला नाही. बोलला असता तर मला बरे वाटले असते. मी उत्तर तयार ठेवले होते.

गेल्या वर्षी मी गॅरेज बंद केले. गुडघे चालत नाहीत. हत्यारे विकली, सूच्या रद्दीत दिल्या. एके सकाळी एस.टी.ने पावसला गेलो. बाई ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत होत्या. कोकम सरबत आणले. मी ग्लास हातात घेतला नाही, कारण आधी बोलायचे होते.

“बाई, त्या वर्षी तुमचा आंबा माझ्यामुळे गेला. शॉकअप मी चुकीचे घातले होते. ते मला तिसऱ्या खेपेच्या आधी कळले होते. वासूने माप पाठवले होते. ते त्याचे होते म्हणून मी बदलले नाहीत.”

एवढे बोलायला मी चार वर्षे घेतली होती. एक शब्द जास्त बोललो नाही, एक कमी बोललो नाही.

बाईंनी चष्मा काढला आणि हसल्या. मुलाने न केलेली चूक कबूल केली की शिक्षक हसतात, तसे.

“गजाननराव, तुम्ही अजून ते धरून बसलात? अहो, वासूने मला तेव्हाच सांगितलं होतं सगळं.”

“काय सांगितले?”

“करार झाल्यावर मुद्दाम आला होता इथे. काम सोडून जाताना सुभाषने मला सुतळीचं सांगितलं होतं, म्हणून मी त्याला जरा रागातच विचारलं. तर म्हणाला, बाई, मीच चुकलो. माप घाईत घेतलं, सुतळी सैल होती. गजाने घातलेले शॉकअपच बरोबर होते. म्हणाला, तुमचं गवत दमट होतं, ते दबून खाली बसलं, म्हणून आंब्याला मार लागला.”

“गवत दमट नव्हते, बाई. मी स्वतः हाताने पाहिले होते.”

“तुम्ही उगाच मनाला लावून घेता. वासू कशाला खोटं बोलेल? त्याला त्यात काय मिळणार?” त्यांनी ग्लास माझ्याकडे सरकवला. “घ्या. घरच्या कोकमाचं आहे. आणि कराराचं एकच वर्ष उरलंय आता. नंतर मी पुन्हा बाग हातात घेणार आहे, भावांना सांगून टाकलंय. गवत मात्र या खेपेला चांगलं वाळवून घेईन.”

मी आणखी एकदा सांगून पाहिले. शॉकअपचा मध्य, पाट्यांची उंची, सगळे सांगितले. बाई सौजन्याने ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “तुमच्यासारखा प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही.” मी सरबत प्यालो आणि उठलो.

परतताना एस.टी.तून भाट्याला उतरलो. वासू एका टेम्पोखाली होता. फळीवर चार माणसे होती. ती मला पाहून उठली, कारण मला पाहून लोक उठतात.

“वासू, बाहेर ये.”

“गजा?” पाय हलले, मग डोके आले. चेहऱ्यावर ग्रीस. “बस की. अरे, सरका रे, गजाननराव आलेत.”

“बाईंना गवताचे खोटे का सांगितलेस?”

त्याने चिंधीने हात पुसले. फळीवरच्या चौघांकडे पाहिले. ते निमूटपणे पानाच्या टपरीकडे गेले. मी दहा वेळा सांगितले असते तरी इतक्या लवकर गेले नसते.

“तुला कोणी सांगितलं?”

“बाईंनी. मी कबूल करायला गेलो होतो.”

“हात तुझ्या! कशाला गेलास? चार वर्षं झाली ना त्याला?” तो खाली चिऱ्यावर बसला. “गजा, बाईंची बाग तर गेली होतीच. ती काय मी खरं बोलून परत येणार होती? वर तुझं गॅरेज पण घालवायचं होतं? पावसला ही गोष्ट पसरली असती तर एक गाडी आली नसती तुझ्याकडे.”

“ते ठरवणारा तू कोण?”

“कोणी नाही बाबा. चुकलं माझं.” तो हसला. त्याचे पुढचे दोन दात गेले आहेत, तरी ते हसणे तसेच आहे. “मग जा परत नि सांग त्यांना, वासू खोटारडा आहे म्हणून.”

“विश्वास ठेवतात का बघ,” तो म्हणाला आणि पुन्हा टेम्पोखाली शिरला. “रे, गजाननरावांना च्या सांगा कोणीतरी!”

चहा येण्याआधी मी निघालो. भाट्याचा पूल पायी ओलांडला. मी बाईंकडे पुन्हा गेलेलो नाही. पुढच्या हंगामात त्या गवत वाळवतील, आणि ती गाडी मी आधीच नीट करून ठेवली असल्यामुळे आंबा धड पोहोचेल, आणि वासूचे म्हणणे खरे ठरेल. मी चुकलो की नाही, हेसुद्धा इथे त्याच्याच शब्दावर ठरते.